काष्टीत राहून आवाज घडवायचा तर

एखाद्या चित्रकाराला किंवा शाळेतल्या कलाशिक्षकाला हौसेने सर्किट जोडून आवाज घडवायचा आहे. हात लावला की बोलणारी, सावली पडली की सूर बदलणारी, माणसाच्या चालण्याने जागी होणारी कलाकृती करायची आहे. त्याला पुण्या-मुंबईला मुक्काम हलवावा लागेल का? हा प्रश्न मी मुद्दाम काष्टीतून विचारतो. श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंडहून नगरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. भोवती ऊस आहे, लिंबाच्या बागा आहेत, पाटाचं पाणी आहे. आर्ट गॅलरी नाही, ध्वनिकलेचा अभ्यासक्रम नाही. तरीही माझं उत्तर असं, की मुक्काम हलवायची गरज नाही. अडचण आहे, पण ती सामानाची नाही. चित्रकलेचा वर्ग, विज्ञानाची प्रयोगशाळा आणि बाजारपेठेतलं रिपेअरिंगचं दुकान यांची आपल्याकडे कधी गाठच पडत नाही, ही खरी अडचण.

आधी मागे जाऊन पाहू. भारतात कलावंतांनी इलेक्ट्रॉनिक आवाजाशी जाणूनबुजून खेळायला सुरुवात केली ती १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर उभा करून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. हे काम १९७२ च्या सुमारास थांबलं आणि टेपा कपाटात गेल्या. पॉल पुर्गास या ब्रिटिश कलावंताला त्या २०१७ मध्ये सापडल्या, आणि निवडक ध्वनिमुद्रणं २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या काळात कलाशाळांमधून बाहेर पडलेल्या पिढ्यांना आपल्या देशात असं काही झालं होतं याचा पत्ताही नव्हता.

मुंबईत इलेक्ट्रॉनिक आवाज आला तो सिनेमाच्या दारातून. केर्सी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात सिंथेसायझर रुजवला. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ती तबकडी तेव्हा खपली नाही. पंचवीस-तीस वर्षांनी जगाने तिला डोक्यावर घेतलं. तिकडे बंगळुरूत जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, आणि आज गावोगावच्या भजनी मंडळांच्या पेटीशेजारी तशीच डबी ठेवलेली असते. या तिन्ही गोष्टींतलं यंत्र विकत घेतलेलं किंवा कारखान्यात घडलेलं होतं. हौसेने घरी जोडलेल्या सर्किटाची परंपरा शोधायची तर दुसरीकडे पाहावं लागतं.

ती परंपरा आपल्याकडे आहे आणि तिला कोणी कला म्हणत नाही, ही माझी तक्रार आहे. गणेशोत्सवातले हलते देखावे घ्या. पुतळ्याचा हात उचलायचा, मागे दिवा पेटवायचा, निवेदनाची टेप सुरू करायची, मग पडदा पाडायचा, हे सगळं ठरलेल्या क्रमाने घडवणं म्हणजेच नियंत्रणाचं इलेक्ट्रॉनिक्स. पूर्वी मोटरवर फिरणाऱ्या रुळावर तांब्याच्या पट्ट्या बसवून दिव्यांची पळापळ साधत. पुढे ५५५ नावाची टायमरची चिप आणि ४०१७ नावाची मोजणारी चिप आली. या जोडीवर कित्येक मंडळांची रोषणाई धावली. आता पिक्सेल एलईडी आहेत. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बँजो पार्ट्यांचंही तसंच. त्यांचा बँजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, आणि त्याचा पूर्वज १९१२ च्या सुमाराला जपानात नागोया शहरी जन्मलेलं ताइशोगोतो. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप बसवला, अँपला जोडला आणि मिरवणुकीत शेकडो माणसांना नाचवेल असा कडक, धातूचा आवाज काढला. जगात कुठल्याही ध्वनिकलेच्या इतिहासात याला एक प्रकरण मिळालं असतं.

बाहेरच्या जगात या हौसेला नाव मिळालं, पुस्तकं मिळाली. रशियन लिओन थेरेमिन यांनी १९२० च्या सुमारास हात न लावता वाजणारं वाद्य केलं. हवेतला हात जवळ-दूर झाला की विद्युतधारणा बदलते आणि सूर सरकतो. अमेरिकेत रीड गझाला यांनी साठच्या दशकात खेळण्यांचं सर्किट उघडून, तारा भलतीकडे जोडून आवाज काढण्याचा खेळ सुरू केला. निकोलस कॉलिन्स यांनी हाताने घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर २००६ मध्ये पुस्तक लिहिलं. इटलीतल्या इव्हरेआ गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी २००५ मध्ये अर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड तयार झाला, आणि इंजिनिअर नसलेल्या माणसालाही सेन्सर वाचून मोटर फिरवणं जमू लागलं. त्याच धर्तीचा बोर्ड आज आपल्याकडे स्वस्तात मिळतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, नाहीतर कुरिअर; सामान काष्टीला पोचायला आता अडचण नाही.

सुरुवात मात्र अर्डुइनोपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. कोड लिहायला बसलं की माणूस स्क्रीनकडे पाहतो. आवाजाकडे कान जात नाही. पहिलं सामान असावं पिझो चकती, दहा-वीस रुपयांची. पितळेची पातळ चकती, वर पांढरा सिरॅमिकचा थर. दाब आला, थरथर झाली की ती वीज निर्माण करते. दोन तारा डाखून ती कशालाही चिकटवली की त्या वस्तूच्या आतला आवाज ऐकू येतो. हवेतून आलेला नव्हे, धातूतून किंवा लाकडातून आलेला. काष्टीच्या बाजारात बैलांच्या साजाची कमी नाही. एक घंटी घ्यावी, आतून चकती लावावी, छोट्या अँपला जोडावी. कानाला जो ‘टण’ एकदाच ऐकू येतो त्याच्या पोटात किती सूर आहेत, ते किती वेगवेगळ्या वेगाने विझतात, हे तेव्हा कळतं. चाळाच्या घुंगरांना लावली तर प्रत्येक घुंगराचा गोटा वेगळा बोलतो. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवावी: पिझोला पुढच्या अँपचा इनपुट रोध फार मोठा लागतो, दहा लाख ओहम किंवा त्याहून जास्त. तो नसेल तर खर्ज गळतो आणि आवाज पत्र्यासारखा पातळ येतो. मध्ये एफईटी जातीच्या एका ट्रान्झिस्टरचा साधा बफर टाकला की काम होतं.

अँपसाठी एलएम ३८६ ही आठ पायांची जुनी चिप अजूनही उत्तम. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ती छोटा स्पीकर चालवते. काही न जोडता आवाज वीसपट वाढवते. पहिल्या आणि आठव्या पायात दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तर दोनशेपट. मोडलेल्या रेडिओतला स्पीकर चालतो. तोच स्पीकर उलटा जोडला तर माईक होतो, कारण साध्या डायनॅमिक माईकच्याही आत चुंबक आणि गुंडाळीच असते.

यानंतर सूर निर्माण करणारं सर्किट. सीडी ४०१०६ नावाच्या एका चिपमध्ये सहा स्वतंत्र दारं असतात. प्रत्येकाला एक रोध आणि एक कपॅसिटर दिला की ते बोलू लागतं. म्हणजे काही रुपयांत सहा आवाजांचं वाद्य. रोधाच्या जागी एलडीआर, म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक, घातला की हाताच्या सावलीने सूर चढतो-उतरतो. चित्रकाराला यात लगेच रस वाटावा, कारण त्याचं आयुष्य उजेड-सावलीतच जातं. चित्राच्या कॅनव्हासमागे चार एलडीआर बसवले तर पाहणारा माणूस जवळ येताना चित्राचा आवाज बदलतो. आणखी एक गोष्ट आपल्या संगीताच्या दृष्टीने मोलाची. या सर्किटाला बारा पट्ट्यांचं बंधन नाही. ओकसाहेबांनी, म्हणजे डॉ. विद्याधर ओक यांनी, बावीस श्रुतींची हार्मोनियम घडवण्यासाठी केवढा खटाटोप केला! इथे एक व्हेरिएबल रोध फिरवला की दोन स्वरांमधली हवी ती जागा सापडते. ती जागा ऐकू येण्याइतका कान तयार हवा, एवढंच.

कान तयार करण्यासाठी खेड्यासारखी जागा नाही, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. शेताच्या कडेला उभी असलेली डीपी घ्या. आपल्या विजेची वारंवारता पन्नास हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचं लोखंड प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतं-आकसतं, म्हणून डीपी शंभर हर्ट्झवर गुणगुणते. पेटीच्या भाषेत सांगायचं तर खर्जातली पांढरी पाच, किंचित चढी. तालुक्यातल्या सगळ्या डीप्या, सगळ्या ट्यूबलाइटचे चोक, सगळे मोटरस्टार्टर या एकाच षड्जाला लागलेले आहेत. जर्मन कलावंत क्रिस्टिना कुबिश यांनी २००४ पासून लोकांना खास हेडफोन घालून शहरांतून फिरवलं आणि विजेचे हे अदृश्य आवाज ऐकवले. त्या हेडफोनचं तत्त्व साधं आहे: तांब्याच्या तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र पकडते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात अशी तार पडलेलीच असते. ती गुंडाळून अँपला लावा आणि पुरेशा अंतरावरून विहिरीवरची मोटर, मोबाईल, मीटरची पेटी ऐका. प्रत्येकाचा आवाज निराळा आहे.

सोलर पॅनेलचंही तसंच. खेळण्यातलं इवलंसं पॅनेल एका कपॅसिटरमधून अँपच्या इनपुटला जोडलं की उजेड ऐकू येतो. स्वस्त एलईडी बल्ब भुणभुणतो, टीव्हीचा रिमोट टकटक करतो. सूर्याचा प्रकाश अखंड, म्हणून त्याच्यापुढे शांतता. पण मध्ये पंख्याची पाती फिरली की सूर उमटतो. शाळेतल्या मुलांना विजेचा धडा यापेक्षा चांगला शिकवता येईल असं मला वाटत नाही.

सहभागी कलाकृतीचा विचार करताना मला मुंबईच्या कलावंतांची दोन कामं फार महत्त्वाची वाटतात. अशोक सुकुमारन यांनी २००५ मध्ये मुंबईच्या जीपीओ चौकात इमारतींच्या कडेने दिव्यांची माळ फिरवली आणि रस्त्यावर एक हँडल ठेवलं. येणारा-जाणारा हँडल फिरवी आणि उजेड चौकाभोवती सरके. मोठं यंत्र, पण माणसाने करायची कृती रहाट फिरवण्याइतकी ओळखीची. दुसरं काम शिल्पा गुप्ता यांचं, २०१७-१८ मधलं. तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी कागदावर छापून टोकदार सळ्यांवर खोचलेल्या, आणि वर शंभर माईक टांगलेले. हे माईक आवाज घेत नाहीत, उलट कवितांचे शब्द बोलतात. वर सांगितलेला माईक-स्पीकरचा उलटफेर तिथे आशयच होऊन बसतो. दोन्ही कामांत तंत्र साधं आहे आणि विचार खोल आहे. हौशी माणसाने त्यांच्याकडून हे शिकावं.

याच वाटेने आपल्या भागात काय करता येईल? माझ्या मनात दळायचं जातं येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या पुष्कळ गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, आणि ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाने या ओव्या गायिकेच्या नाव-गावासह प्रसिद्ध करायला घेतल्या. हेच बेल संगणकावरच्या संगीतातले जाणकार. ऐंशीच्या दशकात त्यांनी जिम किपन यांच्यासोबत तबल्याच्या बोलांची रचना करणारा बोल प्रोसेसर हा प्रोग्रॅम लिहिला होता. ओवी आणि संगणक ही जोडी त्यामुळे आपल्याला परकी नाही.

आता असं करायचं: वापरात नसलेलं एक जातं घ्यायचं. वरच्या पाळूच्या कडेला छोटं चुंबक चिकटवायचं, बाजूला चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवायचा. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका मिळतो. अर्डुइनो दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो. जातं फिरत असेल तोवर ओवी वाजते. हात थांबला की बाई गप्प होते. सगळ्यात साध्या रूपात यासाठी मेमरी कार्डावरून गाणं वाजवणारा एक छोटा प्लेअर मॉड्यूल पुरतो. ओवीची लय हाताच्या वेगाप्रमाणे बदलायची असेल तर ईएसपी ३२ सारखा बोर्ड नाहीतर जुना संगणक आणि प्युअर डेटा हा मिलर पकेट यांनी लिहिलेला मोफत प्रोग्रॅम लागेल. या कामाचं सामर्थ्य असं, की ऐकणाऱ्याला कष्ट करावे लागतात. ओवी कष्टातून आली आणि ती ऐकायची तर थोडा घाम गाळावा लागतो. बटण दाबून ऐकवली असती तर हे कळलं नसतं.

गोधडीवरही असंच काम होऊ शकतं. वीज वाहणारा धागा आता मिळतो. लिआ ब्यूकले यांनी २००७ मध्ये शिवता येईल असा लिलीपॅड नावाचा बोर्डच केला. पण गोधडी शिवणारीला ओळींचा जो अंदाज असतो तो चित्रकाराला नसतो. हे काम तिच्याबरोबर बसून करावं. तिचा टाका फक्त शोभेला वापरू नये.

शिकण्याच्या जागांचा आढावा घेताना पहिलं नाव शेजारचंच येतं. घोड नदीपलीकडे शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी हाताने काम करत शिकावं हा त्यांचा आग्रह. तिथे २००२ मध्ये एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. जगभर आज अशा प्रयोगशाळांचं जाळं आहे, आणि त्याच्या आरंभाच्या ठिकाणांत आपल्या शेजारच्या तालुक्यातलं गाव आहे. पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रातून अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी शिकवली. त्यांची पुस्तकं मराठीतही मोफत वाचता येतात. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये अर्डुइनोचे धडे आहेत. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेलं मेकर्स असायलम आता गोव्यात आहे.

शासनाची अटल टिंकरिंग लॅब ही योजना २०१६ पासूनची. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. पैसा कमी नाही. पण बहुतेक प्रदर्शनांत काय दिसतं? झाकण आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा, अडथळा दिसला की वळणारी गाडी, पावसात वाजणारा भोंगा. तेच किट, तोच कोड, तीच मांडणी. मुलांचा दोष नाही. त्यांना ‘समस्या सोडवा’ असं सांगितलेलं असतं; ‘हे ऐका आणि यातून काहीतरी घडवा’ असं कोणी सांगत नाही. दुसरीकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुलं वस्तुचित्र आणि संकल्पचित्र करत राहतात. एकाच शाळेत, दोन खोल्यांच्या अंतरावर, एका मुलाकडे सेन्सर आहे आणि दुसऱ्याकडे नजर आहे. दोघांना एका टेबलाशी बसवणं हे वेळापत्रकाचं काम आहे. त्याला अनुदान लागत नाही.

काही पथ्यं कडक पाळायलाच हवीत. सर्व काम बॅटरीवर. दोनशे तीस व्होल्टवर चालणारं कोणतंही उपकरण उघडून त्याच्याशी खेळू नये. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो. डीपी ऐकायची ती कुंपणाबाहेरून. आवाज मोठा म्हणजे काम मोठं, हा समज सोडावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल आहे. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी ती कधीच मागे टाकली. डीजेच्या भिंतीपुढे माणूस आवाज सहन करतो, ऐकत नाही. हौशी कलावंताचं अर्ध्या वॅटचं सर्किट माणसाला जवळ बोलावतं, वाकून कान लावायला लावतं, आणि मला तेच हवंय.

एवढं सगळं पाहून माझा निष्कर्ष असा, की काष्टीसारख्या बाजाराच्या गावी ही कला करण्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं आहे: कच्चा आवाज आहे, तार आहे, डाखणारा हात आहे, पुण्याहून येणारं कुरिअर आहे. आयटीआय झालेला वायरमन, मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा, मंडपाचा साउंड सांभाळणारा माणूस, यांना साउंडमधला नकोसा हम, म्हणजे विजेची गुणगुण, कुठून येतो आणि कसा घालवायचा हे पदवीधर कलावंतापेक्षा जास्त कळतं. त्यांना मदतनीस म्हणून नव्हे, सहकलाकार म्हणून बोलवावं आणि कामाच्या पाटीवर त्यांचं नाव घालावं.

तालुक्यातल्या कलाशिक्षकांना एक विनंती. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका आता थकल्या आहेत आणि दरवर्षी कमी होत आहेत. सर्किट पुढच्या वर्षी जोडलं तरी चालेल. त्यांचे आवाज मात्र या उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचं नाव आणि गाव लिहून, मोबाईलवर का होईना, टिपून ठेवा.